खात्रीच्या पाण्याची वाटी

उल्हासनगरात माणूस सोडून सगळ्याची नक्कल मिळते, आणि माणसाची चौकशी केली तरी दुकानदार नाही म्हणत नाही, परवा या म्हणतो. अशा गावात, कॅम्प पाचमध्ये, एका अंगाला पापडवाला आणि दुसऱ्या अंगाला जीन्सच्या चेनी विकणारा, अशा दोघांच्या मधल्या गाळ्यात हर्षदा आणि तिचा थोरला भाऊ अवधूत चक्क अस्सल वस्तू बनवत बसले होते. साहजिकच त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

वस्तू म्हणजे प्रोब. पेनाएवढी काचेची नळी, तिच्या टोकाला काचेचाच छोटा फुगा. हा फुगा पाण्यात बुडवला की पाणी आंबट आहे की साबणासारखं बुळबुळीत, ते विजेच्या बारीकशा दाबावरून कळतं आणि समोर आकडा येतो. चांगल्या पाण्याचा आकडा सातच्या आसपास. आकडा खाली घसरला तर पाण्यात आम्ल, वर चढला तर क्षार. अंबरनाथजवळच्या आनंदनगरच्या कारखान्यांत टाक्याटाक्यांत असे प्रोब लटकलेले असतात. फुगा अवधूत फुंकायचा. त्याच्या फुंकरीची काच इतकी पातळ, की तिच्यावर माशी बसली तर माशीलाच अपराध्यासारखं व्हायचं. पुढचं सगळं, म्हणजे तारा, मीठ, जोडकाम आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या, हे हर्षदाकडे.

शिव्या नेहमी एकाच गोष्टीसाठी असत. प्रोब पहिले काही आठवडे खरं बोलतो, मग बहकतो. खोड एकट्या उल्हासनगरची नव्हती, जर्मनीहून आलेल्या प्रोबलाही तीच. पाण्यात राहून राहून फुग्यावर बुळबुळीत थर चढतो, आतलं मीठ झिरपतं, आणि आकडा सरकायला लागतो. एकदम थाप मारणारा माणूस पकडता येतो. हा रोज केसभरच सरकतो, त्यामुळे काल आणि आज सारखेच वाटतात आणि एक दिवस विष सात म्हणून प्यायलं जातं. हर्षदाला रात्री स्वप्नं पडायची तीही सरकत्या आकड्यांची. लग्नाचं विचारायला आलेल्या एका मुलाला तिने पहिला प्रश्न केला होता, "तुम्ही वर्षभराने पण असेच असाल का?" तो पुन्हा आला नाही.

चंद्री तिला भेटली ती अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ. सोमवार होता, रस्त्याच्या कडेला भाजी मांडून एक ठाकरीण बसली होती.

"ताई, भेंडी घे. कवळी हाय, तोडून बग."

हर्षदाने भेंडी तोडली नाही. ती बाईच्या बसण्याकडे बघत होती. बाई एका करड्या पेटीवर बसली होती, पेटीवर विलायती अक्षरं होती, आणि हाताशी बकरी हाकलायला जी काडी ठेवली होती ती काडी नव्हती. ती परदेशी प्रोबची दांडी होती.

"वहिनी, हे बसायला काय घेतलंय?"

"मशीन हाय. लबाड मशीन."

मग चंद्रीने बेलाची पानं निवडता निवडता सगळं सांगितलं. बारवी धरणाच्या रस्त्याने बदलापूर मागे टाकलं की डोंगराच्या पोटात तिची खडकवाडी. वाडीतून ओढा वाहतो, ओढ्यातून एक पाट काढलेला, आणि पाटाच्या पाण्यावर पावसाळा सरल्यावर वाडीचा भाजीचा मळा. वरच्या पुलावरून कुणीतरी अधूनमधून पहाटे टँकर ओढ्यात रिकामा करून पळायचं. कोण ते कुणाला दिसलं नाही. दिसायचा तो परिणाम. त्या पाण्यात एकदा म्हणे चंद्रीच्या सासऱ्याचं धोतर धुवायला टाकलं, तर नुसती कडच बाहेर आली.

"मळा पिकला तर आमी वाडीत ऱ्हातो," चंद्री म्हणाली. "मळा जळला का दिवाळी झाल्यावं भट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन येतो. मंग पोराटोरांसकट विटा थापाया. दोन वर्सं गेलो. माझी तेजल शाळंत जाते, ताई. तिची शाळा दोनदा सुटली. यंदा मला जायाचं नाय."

"आणि ही पेटी?"

"शहरातली मानसं लावून गेली. पानी वंगाळ झालं का वरडंल, मंग फळी टाकून पाट बंद करा, म्हनली. पयलं पयलं बरोबर वरडली. मंग चांगल्या पान्याला वरडाया लागली. मंग वंगाळ पान्याला गप. मानसं परत आलीच नाय."

हर्षदाने पेटीवर बोट फिरवलं. जर्मनीतून निघालेली वस्तू भेंडीच्या टोपलीशेजारी बसायच्या कामाला लागली होती, आणि ते काम मात्र ती न सरकता करत होती.

"मी देते यंत्र," हर्षदा म्हणाली. "बहकणार नाही असं. माणसाचा हातसुद्धा लावायला नको, आपलं आपण चालेल."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. पण ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

तिने डोकं चालवलं ते असं. प्रोब चोवीस तास पाण्यात असतो म्हणून खराब होतो. तर त्याला नेमाने बाहेर काढायचं. तिने भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि तिला एक हात बसवला. हात प्रोबला ओढ्यातून वर उचलायचा, ब्रशने फुगा पुसायचा आणि मग एका काचेच्या वाटीत बुडवायचा. वाटीत बफर, म्हणजे ज्याचा आकडा सात म्हणजे सातच, असं दुकानातून आणलेलं पाणी. वाटीत बुडल्यावर प्रोबने सातऐवजी दुसरं काही दाखवलं, की यंत्र ओळखायचं, गडी सरकला. तितकी चूक दुरुस्त करून प्रोब परत ओढ्यात.

भोंगा मधूशेठकडून घेतला. मधूशेठ सिंधी, कॅम्प पाचमध्ये त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान.

"साईं, इतना बडा भोंगा?" मधूशेठने विचारलं. "किसकी शादी है?"

"शादी नाही, शेठ. खेकड्यांबरोबर शर्यत आहे."

मधूशेठने पुढे काही विचारलं नाही. उल्हासनगरात लोक याहून चमत्कारिक कामांसाठी भोंगे नेतात.

खेकड्यांचं असं होतं, की चंद्रीचा सासरा नाथाबाबा यंत्राबिंत्राला मानत नसे. तो खेकड्यांना मानायचा. पाणी बिघडलं की ओढ्यातले खेकडे एकामागून एक वर येऊन खडकावर बसत, पंचायत भरल्यासारखे. नाथाबाबा म्हणायचा, मानूस खोटं बोलंल, मशीन बोलंल, खेकडा नाय बोलनार. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त खेकड्याचा विचार ठरेपर्यंत पाणी मळ्याच्या मुळांशी पोचलेलं असायचं.

हर्षदा यंत्र बसवायला गेली तेव्हा नाथाबाबाने भोंग्याकडे बराच वेळ बघितलं.

"पोरी, ह्यो वरडला तर वांगणीच्या म्हशी आटतील."

"म्हशींचं मी बघते, बाबा."

"बगशील गं. दूदबी तूच घालशील का घरोघर?"

चंद्रीने वाटी न्याहाळली. "ह्यात काय हाय, ताई?"

"खात्रीचं पाणी. यंत्र चुकलं तर ह्या पाण्याला विचारून सुधारतं."

"म्हंजे देवाचं तीर्थच की."

"तसंच समजा," हर्षदा म्हणाली. वाटीला हात लावू नका असं ती म्हणाली नाही. हात लावायला नको असंच यंत्र तिने केलं होतं, मग सांगायचं कशाला. रात्री पाटाची फळी टाकलेलीच असते, तेव्हा भोंगा रात्री बंद ठेवायचा आणि सकाळी फळी उचलायच्या आधी त्याचं बटण दाबायचं, एवढंच काम तिने चंद्रीला दिलं.

सुरुवातीचे दिवस सोन्याचे गेले. नवरात्रात एकदा भोंगा ओरडला, चंद्रीने फळी टाकली, नंतर खेकडे वर आले, मळा वाचला. भोंग्याचा आवाज असा, की डोंगरापलीकडच्या गावात लोकांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या. चंद्रीने हर्षदाला फोन केला, तेव्हा मागून नाथाबाबा ओरडत होता, "एकदा बरोबर आलं म्हनून हुरळू नको म्हनावं."

दसऱ्यानंतर फोन आला तो त्याचाच.

"पोरी, तुजा भोंगा उलटा बोलतो."

"म्हणजे?"

"खेकडे वर येऊन बसले, भोंगा गप. खेकडे खाली गेले, पानी निवळ झालं, आनि ह्यो दुपारी बोंबलाया लागला. वांग्याची एक ओळ गेली. आमी त्याच्या तोंडावर गोनपाट बांदलंय. मुकादमाचा निरोप हाय, दिवाळी झाल्यावं सोमवारी येतो. वाडी बसली व्हती, समद्यांनी हो म्हनायचं ठरवलंय."

हर्षदाने फोन ठेवला आणि गच्चीवर गेली. गच्चीवर तिने अगदी तसंच दुसरं यंत्र पिंपावर लावून ठेवलं होतं, वाडीतलं कसं चालतंय ते घरबसल्या कळावं म्हणून. तेही सरकलं होतं. उलटं बोलत नव्हतं, पण पिंपात पाणी तेच असून आकडा मात्र हलला होता. अवधूत त्यापायी एकामागून एक फुगे फुंकत होता. त्याचे गाल इतके ताणले होते, की शेजारचा पापडवाला त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेने बघायला लागला होता.

"दादा, काच असेल का?"

"काच माझी आहे," अवधूत म्हणाला. "तुझ्या तारा बघ."

"तारा बघितल्या."

"मग मीठ बघ. काचेला हात घालायचा नाही, हर्षू. डोक्याला शॉट देऊ नको."

हर्षदा संध्याकाळच्या टमटमने वाडीवर गेली. चंद्रीने नाचणीची भाकरी वाढली. नाथाबाबाने आपल्या हाताने ताटात कालवण घातलं, त्यात एक मोठा खेकडा.

"खा. ह्यो साक्षीदार व्हता."

कोपऱ्यात गोधड्यांचं गाठोडं आधीच बांधून ठेवलेलं होतं. शेजारी तेजलचं दप्तर. दप्तर गाठोड्यात घालायचं की नाही, हे अजून कुणी ठरवलेलं दिसत नव्हतं.

सकाळी उजाडताना ती चहाचा पेला घेऊन अंगणात बसली होती आणि चंद्री तिची रोजची कामं करत होती. हंड्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी तिने झाडाला घातलं, हंडा राखेने घासला, ओढ्याकाठच्या झिऱ्यावरून ताजं भरून आणलं. कोंबड्यांची परळी उलटी केली, नवं पाणी घातलं. देवाच्या कोनाड्यातला गडू रिकामा केला, भरला. मग त्याच पावली ओढ्यावर गेली, यंत्राची काचेची वाटी काढली, पाणी फेकलं, बोटाने वाटी फिरवून धुतली, ओढ्यात बुडवून काठोकाठ भरली आणि नीट जागेवर ठेवली. पदराने कडसुद्धा पुसली.

हर्षदाच्या हातातला चहा तिथेच राहिला. खडकावर दोन खेकडे येऊन बसले होते. तिसरा येत होता.

"वहिनी, हे रोज करता?"

"मंग. रातचं शिळं पानी घरात कोन ठेवतं? दसऱ्याला समदं घासलं तवा बगितलं, ह्यात किडे मेलेले. देवाचं म्हनलीस ना तू. तवापासून रोज ताजं भरते."

हर्षदाला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सगळं उलगडलं होतं. टँकर पहाटे रिकामा झाला, की चंद्री वाटीत भरायची ते आंबट पाणीच. यंत्र बापडं वाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचं, कारण हर्षदाने त्याला तसंच शिकवलं होतं. आंबट पाणी म्हणजे सात, असं ते मनाशी ठरवायचं आणि गप्प बसायचं. दुपारी ओढा निवळला, की चांगलं पाणी त्याला भलतंच वाटायचं, आणि ते गळा काढायचं. यंत्र एका अक्षरानेही खोटं बोललं नव्हतं. त्याला खात्री म्हणून जे दिलं, त्याच्याशीच ते इमानदार राहिलं होतं.

तिने हे सांगितलं, तेव्हा नाथाबाबाने आधी सुनेकडे बघितलं.

"म्हंजे तूच त्याला पाजत व्हतीस."

चंद्रीच्या हातातला हंडा खाली ठेवला गेला. "माझ्या हातानं वांगी गेली," ती हळू म्हणाली, आणि घरात निघून गेली.

हर्षदा परतली ती ह्या वाक्याचं ओझं घेऊन. एक प्रश्न मात्र उरला होता. गच्चीवरच्या वाटीला तर कुणी हात लावला नव्हता. मग ते यंत्र का सरकलं?

ती थेट गच्चीवर गेली आणि त्या वाटीत पहिल्यांदाच नीट डोकावली. तळाला हिरवं साचलं होतं. उन्हाने पाणी अर्धं झालं होतं. वर डासांची पिल्लं कवायत करत होती, तालासुरात. तिने बफरची नवी बाटली फोडली, कोरा प्रोब घेतला. नव्या पाण्यात आकडा सात. वाटीतल्या पाण्यात सात नाही.

"दादा," ती जिन्यातून ओरडली, "फुंकू नको. वर ये."

अवधूत आला, वाटीत बघितलं.

"शिळं झालंय हे."

"हो ना. खात्रीचं पाणीच शिळं झालं. तुझी काच खरं बोलत होती, आपण तिला वाटीत बुडवून दर वेळी थोबाडीत मारत होतो, की तू चुकलीस म्हणून."

अवधूतने दोन्ही गाल चोळले. "मी इतके फुगे फुंकले, त्याचं काय?"

"सॉरी."

"सॉरी काय सॉरी. गाल बघ माझे."

पण त्याचा राग जिना उतरेपर्यंतच टिकला. खाली आल्यावर हर्षदा म्हणाली, वाटीतलं पाणी रोज बदलायला हवं, चंद्रीवहिनी बदलते तसंच. फक्त ओढ्याचं नको, खात्रीचं हवं. आणि तेही असं, की तोवर त्याला हवा लागू नये. आता बंद काचेत काही भरायचं म्हटलं, की अवधूतला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नसे. त्याने बारीक कुप्या ओढायला घेतल्या, एका कुपीत एका सकाळचं पाणी, मान वितळवून बंद. मान मोडली की टक असा आवाज व्हावा, यासाठी त्याने वेगळी मेहनत घेतली. त्या आवाजाने काम काहीच होणार नव्हतं, पण तो म्हणाला, आवाज आला की माणसाला केल्यासारखं वाटतं.

हर्षदाने यंत्रालाही एक शहाणपण शिकवलं. वाटी जर एका दिवसात मोठीच चूक दाखवायला लागली, तर मुकाट्याने मानायचं नाही. टकटक असा बारीक आवाज करत बसायचं, कुणी येऊन बघेपर्यंत.

दिवाळीचे दिवे विझले, आणि ती कुप्यांची परडी घेऊन वाडीवर गेली. चंद्रीने यंत्राकडे जायचंच सोडलं होतं.

"नको बाय," ती म्हणाली. "मी हात लावला का मळा जातो."

"मी म्हणाले होते ना, माणसाचा हात नको असं यंत्र आहे," हर्षदा म्हणाली. "ते माझंच चुकलं, वहिनी. शिळं झालं होतं ते पाणी. तुम्ही फेकलंत ते बरोबर केलंत, भरलंत तेवढं चुकलं. आता तुमच्या हाताशिवाय चालणारच नाही असं केलंय. रोज सकाळी, हंडा भरता तेव्हाच. कुपी मोडायची, वाटी धुवायची, हे घालायचं."

चंद्रीने एक कुपी उन्हात धरून बघितली, हलवली, मग मान मोडली. टक.

"बरं वाटतं मोडाया," ती म्हणाली.

नाथाबाबाने अट घातली, की आधी त्याच्यासमोर परीक्षा. त्याने स्वतः चिंच कोळून कळशीभर पाणी केलं. भोंग्याचं गोणपाट सोडलं. हर्षदाने प्रोब कळशीत बुडवला, आणि भोंगा असा ओरडला, की कोंबडे झाडावर चढले ते दुसऱ्या दिवशी उतरले. नाथाबाबाला ते इतकं आवडलं, की त्याने आणखी दोनदा बुडवायला लावलं. मग गोणपाट घडी करून काखेत मारलं.

"चिंच वळखतो," तो म्हणाला. "चिंच तर माझी नातबी वळखते. सोमवारी मुकादम येनार. तवर बगू."

सोमवारपर्यंत ओढा स्वच्छ वाहिला. भोंगा गप्प. हर्षदा वाडीवरच थांबली होती, आणि तिला कळेना, की ही शांतता शहाण्याची की बहिऱ्याची. "गप बसाया तर माझा रेडापन बसतो," नाथाबाबाने एकदा जाता जाता ऐकवलं.

सोमवारी उजाडता उजाडता मुकादमाचा टेम्पो येऊन उभा राहिला. दोन घरांची गाठोडी वर चढलीसुद्धा. चंद्रीने मान वर करून बघितलं नाही. तिने हंडा भरला, परळी भरली, गडू भरला. ओढ्यावर जाऊन कुपी मोडली, वाटी भरली, भोंग्याचं बटण दाबलं. यंत्राचा हात उठला, प्रोब पुसला गेला, वाटीत बुडला, परत ओढ्यात गेला. चंद्रीने फळीला हात घातला.

भोंगा ओरडला.

टेम्पोचा ड्रायव्हर बिडी टाकून सीटखाली गेला. मुकादमाने कान झाकले. नाथाबाबा गोणपाट घेऊन धावत आला तो थेट खडकापाशी. खडक कोरडा, रिकामा. एकही खेकडा नव्हता. ओढ्याचं पाणी आरशासारखं.

"खोटा हाय," तो भोंग्याच्या वरताण ओरडला. "पानी बग, कसं निवळ हाय. उचल फळी. कालपासून मळा तहानलाय."

"नाय उचलनार, मामा."

"चंद्रे, खेकडे खाली हायेत."

"असूंद्या. वाटी मी भरलीय आज." आणि ती फळीवर पाय देऊन उभी राहिली.

सासऱ्यासमोर ती एवढं बोललेली वाडीने पहिल्यांदा ऐकलं. नाथाबाबाने हर्षदाकडे बघितलं. तिने वाटीकडे बघितलं, यंत्र टकटक करत नव्हतं, म्हणजे वाटी बरोबर होती, प्रोब बरोबर होता, आणि तरी पाणी आरशासारखं होतं.

"चला, बसा," मुकादम म्हणाला. "भोंग्याचं भांडण परत आल्यावर करा."

"थांब रं," नाथाबाबा म्हणाला. "आधी खेकड्यांला विचारू दे." आणि तो खडकासमोर उकिडवा बसला. मुकादमही बसला. करणार काय, ड्रायव्हर सीटखालून निघायला तयार नव्हता.

बसून बसून मुकादमाच्या पायाला मुंग्या आल्या. मग खडकाच्या फटीतून एक नांगी वर आली, आणि तिच्यामागे एक म्हातारा खेकडा. त्याने इकडेतिकडे बघितलं, मंडळी जमलेली पाहून जरा ओशाळला, आणि वर येऊन बसला. मागून दुसरा. मग तर रांगच लागली, लेकुरवाळ्या खेकडिणींसकट. पाण्याला उग्र वास सुटला, कडेची बारकी मासळी उलटी होऊन तरंगायला लागली. पाटात मात्र फळीच्या अलीकडे कालचं पाणी तसंच होतं, त्यावर एक चतुर निवांत बसला होता.

नाथाबाबा उठला. गुडघे झटकले.

"झोपले व्हते खेकडे," तो म्हणाला. "नायतर तेच आधी येनार व्हते." मग मुकादमाकडे वळला. "टेम्पो वळव. मळ्यात काम पडलंय, मानसं नाय."

गाठोडी खाली उतरली. दुपारी ओढा निवळला, तसा भोंगा आपणहून थांबला. चंद्रीने फळी उचलली आणि पाणी मळ्यात शिरलं. खेकडे उन्हं कलेपर्यंत खडकावरच होते. त्यांना बातमी नेहमीच उशिरा कळते. टँकरही त्यानंतर पुलावर फिरकला नाही. वाडीतले लोक सांगतात, भोंगा ऐकून टँकरचा ड्रायव्हर जो पळाला तो सरळ गुजरातला लागला आणि तिथे त्याने उसाच्या रसाचा गाडा टाकलाय. हर्षदाने ह्याची खातरजमा केलेली नाही.

आता दर सोमवारी चंद्री शिवमंदिराजवळ बसते, त्याच विलायती पेटीवर. भाजी येते ती त्याच गोणपाटात, जे भोंग्याच्या तोंडाला बांधलं होतं. अंबरनाथचं गिऱ्हाईक मोठं संशयी, भेंडी हातात घेतल्या घेतल्या विचारतं, नाल्याच्या पाण्यावरची तर नाही ना? चंद्री परडीतून एक कुपी काढते आणि उन्हात धरते.

"ह्यात काय आहे?"

"खात्रीचं पानी. रोज ताजं भरते."

गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, पण भेंडी घेऊन जातं. शेजारी नाथाबाबा पानाचा डबा उघडून बसलेला असतो, आणि कुणी ऐकणारा मिळाला, की त्याला सांगतो, त्या सोमवारी भोंगा ओरडायच्या आधीच एका म्हाताऱ्या खेकड्याने नांगीने खूण केली होती, ती फक्त त्याने बघितली. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खेकडा तळहाताएवढा होता. परवा हर्षदा भेंडी घ्यायला गेली, तेव्हा तो ताटाएवढा झालेला तिने ऐकला.

"बाबा, सरकतोय हं आकडा," ती म्हणाली.

"मंग मला कुपी दे एक," नाथाबाबा म्हणाला, आणि पानाला चुना लावायला लागला.